एक भाषा मुळापर्यंत

जावास्क्रिप्टला १०, ९ आणि १ हे आकडे दिले आणि चढत्या क्रमाने लावायला सांगितलं, तर उत्तर येतं १, १०, ९. भाषेचा नियमच तसा आहे. क्रम कसा लावायचा हे वेगळं सांगितलं नाही, तर ती आकड्यांना आधी अक्षरांत बदलते आणि शब्दकोशाच्या रीतीने मांडते; मग १० मधलं पहिलं अक्षर १ असल्यामुळे तो ९ च्या आधी येतो. मुलाखतीला आलेल्या ज्या मुलामुलींनी बायोडेटात जावास्क्रिप्ट लिहिलेली असते, त्यांना मी हे तीन आकडे कागदावर लिहून देते. बहुतेक जण १, ९, १० असं सांगतात. त्याच बायोडेटात सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन, पीएचपी, आर, गो, कोटलिन अशी रांग लागलेली असते. एचटीएमएलही त्या रांगेत असते. ती वेब पानाची मांडणी सांगते, हिशेब करायला किंवा निर्णय घ्यायला तिचा उपयोग नाही.

या मुलांचा मला राग येत नाही. रांग जितकी लांब तितकी नोकरी जवळ, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. माझं माहेर कराडचं. तिथे गेले की कुणाचे तरी आईवडील मुलाला घेऊन घरी येतात आणि पहिला प्रश्न हाच असतो: "ताई, याने किती लँग्वेज करायच्या?" क्लासवाल्यांच्या पाट्यांवर दर वर्षी नवं नाव चढतं. आधीची फी वसूल झाली नसताना पुढची भरायची वेळ येते. म्हणून मी उत्तर आकड्यात देते: दोन, आणि सोबत एसक्यूएल. एक अगदी मुळापर्यंत. दुसरी पहिलीपेक्षा वेगळ्या घडणीची. बाकीच्या कामापुरत्या, काम आलं की. हे उत्तर ऐकून पालकांचा चेहरा जरा पडतो. कमी शिकायला सांगितल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात मी त्यांच्या मुलाला फार मोठं काम सांगितलेलं असतं.

इतक्या भाषा आल्या कुठून, हे आधी थोडक्यात सांगते. प्रोसेसरला फक्त शून्य आणि एकच्या रूपातल्या आज्ञा कळतात. त्या माणसाने हाताने लिहायच्या म्हणजे महिनोन् महिने जायचे. आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये फोरट्रान आणली. गणिती सूत्र जवळजवळ सूत्रासारखंच लिहायचं आणि त्याचं यंत्राच्या आज्ञांमध्ये रूपांतर दुसऱ्या एका प्रोग्रॅमने करायचं. त्या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला कंपायलर म्हणतात. शास्त्रज्ञांची सोय झाली, पण पगारपत्रकं आणि खातेवह्या सूत्रांत बसत नव्हत्या. त्यासाठी १९५९ मध्ये अमेरिकेत एक समिती बसली आणि ग्रेस हॉपर यांच्या आधीच्या कामाच्या पायावर कोबॉल उभी राहिली. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सी घडवली. वेब पानांत हालचाल आणायला १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला अवतार दहा दिवसांत उभा केला. तिच्यातल्या काही विचित्र गोष्टी आजही का टिकून आहेत, याचा काही अंदाज त्या घाईवरून येतो. एकेका भाषेच्या मागे अशी एकेक अडचण आहे. ती अडचण ठाऊक असली की भाषा समजायला सोपी जाते, आणि अभ्यासक्रमात नेमकं हेच फार कमी शिकवलं जातं.

मी नोकरीला लागले तेव्हा पुण्यात वायटूकेची धावपळ चालू होती. परदेशी बँका आणि विमा कंपन्यांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे शेवटचे दोनच अंक साठवलेले होते. ९९ नंतर ०० आलं की यंत्राने ते १९०० समजायचं, आणि व्याजाचा काळ उणे व्हायचा. लाखो ओळी तपासायच्या होत्या आणि त्या कोबॉलमध्ये होत्या. आम्ही कॉलेजात सी शिकून आलो होतो. कोबॉलचं व्याकरण काही आठवड्यांत अंगवळणी पडलं, त्यात कठीण असं काही नव्हतं. कठीण होतं ते आमच्या टीममधल्या एका वरिष्ठांना जे येत होतं, ते. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. त्यांना कोबॉल यायची आणि मेनफ्रेमवर, म्हणजे बँकांच्या मोठ्या यंत्रांवर, कामं लावायला लागणारी जेसीएल. बस्स.

रात्रीचा बॅच जॉब, म्हणजे नोंदींचा एकगठ्ठा हिशेब, मध्येच पडला की यंत्र एक संकेत देऊन थांबायचं. त्यातला नेहमीचा म्हणजे एस-झिरो-सी-सेव्हन: आकड्याच्या जागी आकडा नसलेलं काहीतरी आलं आहे. सोबत मेमरीचा डंप मिळायचा, म्हणजे त्या क्षणी यंत्राच्या स्मृतीत जे काही होतं त्याची पानंच्या पानं, षोडशमान पद्धतीतल्या अंकांत. दादा ती पानं आमच्यासमोर वाचायचे. त्या यंत्रावर शून्य हा अंक 'एफ०' असा साठवला जातो आणि रिकामी जागा '४०' अशी. रकमेच्या जागी ४० ४० ४० दिसलं की ते पेन्सिलीने गोल करायचे: कुणीतरी रक्कम भरलीच नाही, जागा कोरी सोडली आहे. मग कुठल्या फाइलमधून, कितव्या नोंदीतून, हे मागे मागे जात शोधायचं. भाषा चांगली येणं म्हणजे काय, हे मला तिथे दिसलं. ओळ लिहिल्यावर यंत्राच्या पोटात काय होईल हे त्यांना लिहिण्याआधी माहीत असायचं, आणि जेव्हा ते तसं होत नसे तेव्हा कुठे बघायचं हेही. घाटातून दिवसा एकदा गाडी नेलेला माणूस आणि तिथून रोज रात्री माल नेणारा ड्रायव्हर, दोघंही 'रस्ता माहीत आहे' असंच म्हणतात.

कोबॉलबद्दल आणखी एक सांगायलाच हवं, कारण तिची टिंगल करणारे पुष्कळ भेटतात. तिच्यात रकमेचा आकार आधी लिहून द्यायचा असतो: दशांश चिन्हाआधी इतके अंक, नंतर दोन. हिशेब आपल्या वहीसारखा दशमान पद्धतीत होतो. आजच्या बहुतेक भाषांत अपूर्णांकासाठी जो नेहमीचा प्रकार वापरतात तो द्विमान पद्धतीत साठवला जातो, आणि त्या पद्धतीत ०.१ नेमका लिहिताच येत नाही, जसा आपल्याला एक तृतीयांश दशांशात पुरा लिहिता येत नाही. म्हणून जावा, पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं की उत्तर ०.३०००००००००००००००४ असं येतं. एका पावतीत हे कुणाला दिसणार नाही. लाखो खात्यांच्या व्याजात दिसतं. जावामध्ये यावर बिगडेसिमल नावाचा उपाय आहे, पायथनमध्ये डेसिमल आहे. तो आहे हे माहीत असणं, आणि तो कधी वापरायचा हे न सांगता सुचणं, याला मी 'भाषा येते' म्हणते.

आता दुसऱ्या भाषेकडे येते, कारण माझं सगळ्यात ठाम मत तिच्याबद्दल आहे.

अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांचं 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' हे १९९९ चं पुस्तक आमच्या पिढीने डोक्यावर घेतलं. दर वर्षी निदान एक नवी भाषा शिका, असा सल्ला त्यात आहे. गूगलमध्ये संशोधनाची धुरा सांभाळलेले पीटर नॉर्विग यांनी प्रोग्रॅमिंग शिकायला दहा वर्षं लागतात असं मांडणारा एक निबंध लिहिला. त्यात निदान अर्धा डझन भाषा शिकायला ते सांगतात. वरवर पाहता दोन्ही सल्ले माझ्या उत्तराच्या विरुद्ध जातात. पण नॉर्विग ते अर्धा डझन कसे निवडायचे हे सांगतात, ते नीट पाहावं. प्रत्येक भाषा विचाराच्या वेगळ्या पद्धतीसाठी घ्यायची आहे: एक वस्तूंच्या वर्गांवर उभी असलेली, एक निव्वळ फलनांवर, एक समांतर कामांसाठी. ट्युरिंग पुरस्काराचे पहिले मानकरी ॲलन पर्लिस यांचंही म्हणणं असंच होतं. जी भाषा शिकून प्रोग्रॅमिंगबद्दलचा तुमचा विचार बदलत नाही, तिच्यावर वेळ घालवू नये. जावा येणाऱ्याने सी शार्प शिकली तर त्याला नोकरी मिळू शकेल, आणि त्यात वावगं काही नाही. त्याच्या डोक्यात मात्र नवीन कप्पा उघडणार नाही, कारण दोघींची घडण एकच आहे.

माझं रोजचं काम जावाचं. तिच्यातलं एक कोडं ऐका. इंटिजर या प्रकारच्या दोन वस्तू घ्या, दोन्हींत १२७ भरा आणि दोन समान चिन्हं टाकून त्या सारख्या आहेत का विचारा. जावा म्हणते, हो. दोन्हींत १२८ भरा. जावा म्हणते, नाही. ज्याला फक्त जावा येते तो हे नियम म्हणून पाठ करतो. ज्याने सी मन लावून केली आहे तो लगेच विचारतो: तुलना किमतीची होते आहे की पत्त्याची? आणि कोडं सुटतं. ते चिन्ह इथे मेमरीतला पत्ता ताडून बघतं. उणे १२८ ते १२७ हे आकडे वारंवार लागतात म्हणून जावा ते आधीच बनवून ठेवते आणि सगळ्यांना तीच वस्तू देते, त्यामुळे पत्ता एकच निघतो. १२८ साठी सहसा प्रत्येक वेळी नवी वस्तू तयार होते. सीमध्ये मेमरी मागून घ्यावी लागते, वापरून झाली की परत करावी लागते, आणि विसरलात तर प्रोग्रॅम हळूहळू यंत्र गिळतो. जावा हे काम तुमच्यासाठी करते. पण ती काय करते हे कळायला ते एकदा स्वतःच्या हाताने केलेलं असावं लागतं.

दुसऱ्या दिशेने हास्केलने मला असंच काही दिलं. निव्वळ फलनांवर उभी असलेली ही १९९० ची भाषा प्राध्यापक मंडळींनी घडवली. तिच्यात एकदा दिलेली किंमत बदलता येत नाही. क्षणभर विचार करा: 'क्ष'मध्ये एक मिळवून पुन्हा 'क्ष'मध्ये ठेवणं, हे प्रोग्रॅमिंगचं पहिलं पाऊल तिथे बंद आहे. मग फेरी कशी मारायची, बेरीज कशी साठवायची? सुरुवातीला हात बांधल्यासारखं वाटतं. हळूहळू लक्षात येतं की आपल्या रोजच्या कामातल्या किती बगांचं मूळ या 'बदलण्यात'च असतं. एकाच खात्याची शिल्लक प्रोग्रॅममधले दोन धागे (थ्रेड) एकाच वेळी बदलायला गेले, की एकाचा बदल दुसऱ्याच्या खाली पुसला जातो. असला बग दिवसा सापडत नाही, महिनाअखेरीच्या गर्दीत उगवतो. हास्केलची एकही ओळ मी पगारासाठी लिहिलेली नाही. पण माझी जावा तिच्यामुळे बदलली. २०१४ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीत लॅम्ब्डा, म्हणजे नाव नसलेली फलनं, आल्या आणि टीममधले अनेक जण गोंधळले, तेव्हा मला ती ओळखीची गोष्ट होती.

एसक्यूएल मी दोनच्या हिशेबात धरत नाही, कारण ती ऐच्छिक नाही. आयबीएमचे एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवण्याची कल्पना मांडली, आणि तिथल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. ती आजही चालू आहे. तिच्यात 'कसं शोधायचं' हे सांगत नाहीत, 'काय हवं' ते सांगतात. ही गोष्ट अंगी न मुरलेले लोक काय करतात ते कोड रिव्ह्यूमध्ये सतत दिसतं. दहा लाख खात्यांची यादी आणतात, मग एकेका खात्यासाठी फेरी मारून वेगळी क्वेरी पाठवतात. डेटाबेसपर्यंत जाऊन यायला एक मिलिसेकंद धरला तरी दहा लाख फेऱ्यांना हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ सतरा मिनिटं नुसती ये-जा. दोन तक्ते जोडणाऱ्या एका क्वेरीत ती ये-जा संपते. लिहिणाऱ्याची जावा ठीकच असते. त्याला तक्त्यांच्या भाषेत विचार करायला कुणी शिकवलेलंच नसतं.

आणि तिच्यातही खोल पाणी आहे. 'या यादीत नाहीत अशी खाती दे' अशी क्वेरी लिहिली आणि त्या यादीत एक जरी नल, म्हणजे 'माहीत नाही' अशी नोंद असली, तर उत्तर रिकामं येतं. चूक दाखवणारा कुठलाही संदेश येत नाही. कारण 'माहीत नाही' या किमतीशी तुलना केली तर सारखी की वेगळी हेही माहीत नसतं, आणि डेटाबेस ज्याची खात्री आहे तेवढंच देतो. थकबाकीदारांची यादी रिकामी आली तर माणसं खूश होतात. शंका कुणाला यायला हवी? ज्याला नल माहीत आहे त्याला.

पुष्कळ भाषा चांगल्या येणं कठीण का, याचं आणखी एक कारण आहे आणि ते फारसं बोललं जात नाही. भाषा एका जागी थांबत नाहीत. पायथनची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली, ती आधीच्या दुसऱ्या आवृत्तीशी जुळणारी नव्हती. दुसरीचा सांभाळ १ जानेवारी २०२० ला थांबला, मधली अकरा वर्षं जगभरचे लोक जुना कोड नव्यात आणत बसले. जावाची २०१७ पासून दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते. २०२३ मधल्या एकविसाव्या आवृत्तीतल्या आभासी धाग्यांनी सर्व्हर लिहिण्याची आमची जुनी पद्धतच प्रश्नात टाकली. एक भाषा मुळापर्यंत येते असं म्हणायचं तर तिच्यासोबत दर वर्षी थोडं पुन्हा शिकावं लागतं. आठ भाषांसोबत, नोकरी आणि संसार सांभाळून, हे कुणाला जमेल असं मला वाटत नाही.

अलीकडे मुलं एक वेगळाच मुद्दा मांडतात: आता एआय कुठल्याही भाषेत कोड लिहून देतं, मग खोल शिकायचं कशाला? मी त्यांना एक उदाहरण देते. जावामध्ये उणे ७ ला २ ने भागलं, पूर्णांकात, तर उत्तर उणे ३ येतं. जावा शून्याकडे झुकते. पायथनमध्ये पूर्णांक भागाकाराच्या दुहेरी तिरप्या रेघेने तेच केलं तर उणे ४ येतं. पायथन खालच्या बाजूला झुकते. जावातला हिशेब पायथनमध्ये आणताना कुणी चिन्हाच्या जागी चिन्ह ठेवलं, मग ते माणसाने असो वा यंत्राने, तर धन आकड्यांवर सगळ्या चाचण्या पास होतील. पहिला परतावा, पहिली उणे नोंद आली आणि भाग पूर्ण गेला नाही, की हिशेब एकाने चुकेल. वाचताना ती ओळ अगदी बरोबर दिसते. तिथे बोट ठेवायला दोन्ही भाषा वापरलेला, आणि एक तरी मुळापर्यंत जाणणारा माणूस लागतो. लिहिण्याचं काम स्वस्त होईल तसं हे तपासण्याचं काम महाग होत जाणार आहे.

कोणती भाषा खोल शिकावी, या प्रश्नात मी फार अडकत नाही. कॉलेजने दिली ती घ्यावी. सी, जावा, पायथन, कुठलीही चालेल. दोन वर्षं तिच्यासोबत राहावं आणि कुणाच्या तरी खऱ्या उपयोगाचं काहीतरी पूर्ण लिहावं. 'पूर्ण'वर माझा जोर आहे.

कराडजवळच्या एका गावातला डिप्लोमाचा मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्याही यादीत बऱ्याच भाषा होत्या. त्याच्या वडिलांचं दूध संकलन केंद्र आहे. मी त्याला जावा आणि एसक्यूएल सोडून बाकी सगळं बाजूला ठेवायला लावलं आणि केंद्राचा हिशेब लिहायला सांगितला. सकाळ-संध्याकाळचं दूध, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून इतर घन घटक), त्यांच्यावरून दरपत्रकातला भाव, आणि दर दहा दिवसांचं बिल. ऐकायला एवढंसं वाटतं. पण फॅट ४.३ ला भाव एक आणि ४.४ ला दुसरा, तर यंत्रावरून आलेला ४.३४९ कुठे धरायचा? पैसे पुढच्या रुपयात धरायचे की सोडायचे, आणि ते प्रत्येक पावतीला की बिलाच्या शेवटी? दोन्हींची बेरीज वेगळी येते, आणि शेतकरी ती वहीत ताडून बघतो. तिथे त्याला बिगडेसिमल भेटलं. त्यातही ०.१ हा आकडा थेट दिला तर चुकीचा भरतो आणि मजकूर म्हणून दिला तर बरोबर, हेही भेटलं. पावती लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धी नोंद राहायला नको, यासाठी त्याला डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन शिकावं लागलं. दर मध्येच बदलला तर जुन्या पावत्या जुन्याच भावाने निघाल्या पाहिजेत, म्हणून दराला तारीख जोडावी लागली. यातलं एकही प्रकरण त्याच्या क्लासच्या पुस्तकात नव्हतं. आणि यातलं जवळजवळ सगळं तो उद्या कुठल्याही बँकेच्या, दवाखान्याच्या किंवा कारखान्याच्या कामात घेऊन जाऊ शकेल, तिथली भाषा कोणतीही असो.

आता गावातल्या लोकांना पावती फोनवर हवी आहे, म्हणजे अँड्रॉइडचं ॲप आलं. त्याने परवा फोन करून विचारलं, "ताई, कोटलिनचा क्लास लावू का?" गूगलने २०१७ मध्ये अँड्रॉइडसाठी कोटलिनला अधिकृत पाठिंबा दिला, ती जावासोबत एकाच प्रोग्रॅममध्ये नांदते आणि जावाच्या लायब्ररी जशाच्या तशा वापरते. मी त्याला क्लास लावू नकोस असं सांगितलं. पावती दाखवणारा एकच पडदा आधी बनव, अडलास की कोटलिनची अधिकृत पानं वाच, इंग्रजी जड गेलं तर मला विचार. वर्षभरात वेळ मिळाला तर सी घे आणि मेमरी स्वतः मागून, स्वतः परत करून बघ. पडद्याचं काम त्याने सुरू केलं आहे. फॅटचा आकडा फोनवर दशांशाच्या किती घरांपर्यंत दाखवायचा, यावर सध्या त्याचा वडिलांशी वाद चालू आहे.